घरापासून दूर पहिला नाताळ: ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

नवी मुंबईतल्या माझ्या पहिल्या नाताळात, चोवीस डिसेंबरच्या रात्री साडेअकराला मी जवळच्या चर्चच्या फाटकाशी पोचले. इव्हिनिंग ड्यूटी संपवून, हँडओव्हर देऊन, युनिफॉर्म बदलून, अर्धा तास रिक्षा शोधून. नगरला आमची उपासना रात्री अकराला सुरू होते आणि बाराच्या ठोक्याला घंटा वाजते. इथंही तसंच असणार असं मी धरूनच चालले होते. आत मैदानात मुलं प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचत होती. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, आठलाच सुरू झाली होती आणि लोक केव्हाच घरी गेले होते. फाटकाशी एक आंटी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीतून कागदी रुमालात गुंडाळलेला केकचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "उशीर झाला गं बाय तुला."

तो केक मी रूमवर जाऊन खाल्ला आणि पोटभर रडले. आता या शहरात आठ वर्षं झाली. नगर, जालना, कोल्हापूर, नागपूरकडून दरवर्षी नव्या मुली आमच्या हॉस्पिटलात येतात आणि डिसेंबर लागला की त्यांचे चेहरे उतरतात. त्यांना जे सांगते, तेच इथं सविस्तर लिहिते आहे. घरी नाताळ आपोआप येतो असं वाटतं, पण तो आई, आजी आणि मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या परिवारातल्या, बायका महिनाभर राबून आणत असतात. इथं ते राबणं आपल्याला करावं लागतं. रूमवर बसून सण आठवत राहिलं की फक्त घर आठवतं. हातात काम घेतलं की डिसेंबर अंगात यायला लागतो.

आधी ड्यूटीचं बघा, तेही दिवाळीपूर्वी

हे सगळ्यात रुक्ष काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं. हॉस्पिटल असो, कॉल सेंटर असो की ऐरोलीतली एखादी आयटी कंपनी, डिसेंबरच्या सुट्ट्यांवर सगळ्यांचा डोळा असतो. वीस तारखेला जाऊन "मला चोवीसची रात्र हवी" म्हटलं तर कोणी देणार नाही. मी दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडवा या दोन्ही रात्री नाइट घेते. त्या बदल्यात माझी मैत्रीण चोवीसची इव्हिनिंग आणि पंचवीसची मॉर्निंग करते. ईदला आणखी कोणाची तरी गरज असते, तेव्हाही हात पुढे करा. हे ठरलं की लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगून रोस्टरवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं डिसेंबरात कोणाच्या लक्षात राहत नाही.

दोन्हीपैकी एकच मिळणार असेल, तर चोवीसची संध्याकाळ मागा. पंचवीसचा दिवस ड्यूटीवर निभावता येतो, ती संध्याकाळ नाही.

मंडळी शोधा

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. त्या रविवारपर्यंत तुमचं चर्च ठरलेलं असावं. चोवीसला प्रथमच गेलात तर हजार माणसांच्या गर्दीत तुम्ही पाहुण्या असता. चार रविवार आधीपासून गेलात तर कोणीतरी तुमच्यासाठी जागा धरून ठेवतं.

नगर-जालना भागातून आलेल्या आपल्यापैकी पुष्कळ जणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे १९७० साली नागपुरात अनेक मंडळ्या एकत्र येऊन जे चर्च झालं त्याच्या. गावाकडून निघताना पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र आणा. विसरला असाल तर फोन करून मागवा. नव्या ठिकाणी ते पत्र दिलं की रजिस्टरात नाव जातं, महिला मंडळाचा किंवा तरुण संघाचा निरोप येऊ लागतो आणि कोणाच्या घरी प्रार्थना आहे ते कळतं. ठाण्यातलं सेंट जेम्स चर्च या परंपरेतलं जुनं घर. १८२५ साली बिशप हेबर यांनी त्याचं समर्पण केलं.

कॅथलिक असाल तर ठाण्यात तलावपाळीजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट आहे आणि वाशीत सेक्रेड हार्ट. नवी मुंबईच्या बहुतेक नोडमध्ये रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर चर्च सापडतं. मिस्सा इंग्रजीतच असेल असं समजून मागे फिरू नका. फाटकाजवळच्या फलकावर वेळा आणि भाषा लिहिलेल्या असतात. कुठे महिन्यातून एखाद्या रविवारी मराठी मिस्सा असते, कुठे कोकणी, मल्याळम, तमिळही. फलकाचा फोटो काढून ठेवा. फलक दिसला नाही तर ऑफिसात विचारा. आणि विचारताना फक्त वेळ विचारू नका. "मी नवीन आले आहे, गावाकडची आहे, गाणाऱ्यांत घ्याल का?" असं विचारा. माझी इथली अर्धी ओळख या एका प्रश्नाने झाली.

एक गोष्ट नव्या मुलींना मी आवर्जून सांगते, कारण त्यांना वाटतं या काचेच्या इमारतींत आपलं असं काही जुनं नाही. ठाण्यात ख्रिस्ताचं नाव सातशे वर्षांहून जुनं आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी समुद्रमार्गे इथं आले आणि इथंच मारले गेले. त्यांच्या सोबत्याने, फ्रायर जॉर्डनसने, त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. तलावपाळीवरून जाताना मला ते चौघं आठवतात. घरापासून इतके लांब आलेले, आणि निरोप पाठवायला फोनही नसलेले.

चार मेणबत्त्या

हे छोटं काम आहे, पण पहिल्या रविवारीच करा. एक ताटली, भोवती कुठलीही हिरवी पानं (मी अशोकाची घेते, सोसायटीच्या आवारातली), त्यात चार मेणबत्त्या. जांभळ्या तीन आणि गुलाबी एक मिळाली तर उत्तम, नाहीतर चारही पांढऱ्या चालतात. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं वाढवत जायचं. प्रत्येकीचा एक अर्थ: आशा, शांती, आनंद, प्रीती. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. पीजीत मेणबत्तीला बंदी असेल तर सेलवरच्या मिळतात. नाइट करून आलेली मुलगी सकाळी सातलाही मेणबत्ती पेटवू शकते, रात्रीच पेटवायला हवी असा नियम नाही.

गोठा करा, झाड नंतर

मॉलमध्ये पन्नास फूट उंच झाडं उभी असतात. ती बघायला जा, फोटो काढा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. त्या झाडाखाली उभं राहून मला कधी घरचं काही वाटलं नाही. खोलीत एक फूट जागेत गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, केलात तर दहा दिवस तुमच्याजवळ काहीतरी वाढत असतं. गोठ्याची चाल १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने सुरू केली, आणि त्याने तर खराखुरा बैल आणि गाढव आणून उभं केलं होतं.

आमचं असं चालतं. चौदा तारखेच्या रात्री मूठभर गहू भिजत घालते. पंधराला ट्रेमध्ये (मिठाईच्या खोक्याचं प्लास्टिकचं झाकण चालतं) दोन बोटं माती पसरते, तिच्यावर गहू दाट पेरते, वर अगदी पातळ मातीचा थर देते आणि ओल्या फडक्याने झाकते. माती नर्सरीतून छोटी पिशवी आणा, रस्त्याकडेची घेऊ नका, तिच्यात चुना-सिमेंट असतं आणि काही उगवत नाही. दोन दिवसांनी फडकं उचललं की पांढरे कोंब दिसतात. मग ट्रे खिडकीत ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडायचं. ओतायचं नाही, ओतलं की गहू कुजतो आणि वास येतो. चोवीसपर्यंत हिरवं, वीतभर उंच शेत उभं राहतं.

परभणीच्या माझ्या रूममेटने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, हा तर किल्लाच!" लहानपणी दिवाळीत किल्ल्यावर ती मोहरी आणि अळीव पेरायची. त्या वर्षापासून गोठ्याची माती तीच चाळते. मेंढपाळ कमी पडले म्हणून तिने गावाहून मातीचे दोन मावळे आणले. ते अजून आमच्या गोठ्यात आहेत, गव्हाच्या कडेला, भाले घेऊन राखणीला उभे. तुमच्या रूमवर वेगळ्या धर्माच्या मैत्रिणी असतील तर त्यांना सण समजावून सांगत बसू नका, काम द्या. माती चाळणं, चांदणी चिकटवणं, वायर धरणं. बाकी सगळं त्या स्वतःच विचारतात.

बाळाची जागा चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची. ती रिकामी जागा बघत राहणं हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

खिडकीत टांगायच्या कागदी चांदणीबद्दल एवढंच: घरमालकाला विचारल्याशिवाय भिंतीला खिळा ठोकू नका. खिडकीच्या ग्रिलला आतून सुतळीने बांधा आणि साध्या बल्बऐवजी एलईडी लावा, कागद तापत नाही. सजावटीचं सामान ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात आणि वाशीत सेक्टर १७ च्या आसपास मिळतं. फार हौस असेल तर क्रॉफर्ड मार्केट गाठा.

खाण्याचं

आमच्याकडे नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, शंकरपाळी, चकल्या, रव्याचे लाडू, आणि पंचवीसला दुपारी मटणाचा रस्सा. आईकडून डबा मागवा, लाजू नका. गावाहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सने किंवा कोणी येणार असेल त्याच्या हाती. चकल्या आणि शंकरपाळी नीट पोचतात, करंज्या मोडतात. स्टीलच्या डब्यात थरांमध्ये वर्तमानपत्र दाबून भरायला सांगा. पण सगळा फराळ गावाहून आला तर तुमच्या खोलीला तळणाचा वास येत नाही, आणि त्या वासाशिवाय नाताळ अपुरा. एक तरी पदार्थ इथं करा.

मी कुलकुल करते. तो माझ्या घरचा पदार्थ नाही. फाटकाशी केक देणाऱ्या त्या आंटींनी दुसऱ्या वर्षी मला शिकवला. त्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या मराठी कॅथलिक समाजातल्या, ठाण्याच्या. त्यांच्याकडे फुगे (तळलेले मऊ गोल पाव), इंदेल (आंबट-तिखट मांसाचा पदार्थ), बॉटल मसाल्याचं मटण, असं सगळं नाताळला होतं. मला पाहिल्यावर म्हणाल्या, "या वेळी लवकर आलीस," आणि थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

दोन वाट्या मैदा, पाव वाटी बारीक रवा, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूट मीठ. त्यावर दोन मोठे चमचे कडकडीत तूप घालून हाताने चोळायचं. मग नारळाचं दूध थोडं थोडं घालत पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. आता एक नवा, न वापरलेला कंगवा घ्या, धुऊन पुसून. बोरापेक्षा लहान गोळी घ्यायची, कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबून पसरायची, आणि एका टोकाने सोडवत गुंडाळत आणायची. आत पोकळ, बाहेर रेघा, शिंपल्यासारखं दिसतं. पहिले वीस बिघडतात. गोळी चिकटली तर कंगव्याला तुपाचं बोट लावा. तळताना आच मध्यमहून कमी ठेवा, पिठात साखर असल्याने मोठ्या आचेवर वरून काळं आणि आतून कच्चं राहतं. तेलात सुटून विरघळायला लागलं तर तूप जास्त झालं आहे, चमचाभर मैदा मिसळून परत मळा. एवढ्या पिठात मोठा डबाभर होतात आणि एकटीला वळायला तीन तास लागतात. म्हणूनच हा पदार्थ चौघींनी मिळून करायचा. हात वळत असतात आणि प्रत्येकीच्या घरच्या गोष्टी निघतात.

केकसाठी ओव्हन नसेल तर कुकर आहे. शिट्टी आणि रबर काढा, पाणी घालू नका, तळाला वाटीभर मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा. पाच-सात मिनिटं तापवून मग भांडं आत ठेवा आणि मंद आचेवर पाऊण तास. सुकामेवा रममध्ये महिनाभर भिजवण्याची पद्धत आहे. आम्ही संत्र्याच्या रसात भिजवतो, कारण डिसेंबरात नागपुरी संत्री भरपूर असतात. मात्र रसात भिजवलेला मेवा फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाका, बाहेर राहिला की आंबतो. काजू-बदाम-मनुका चौघींनी मिळून घ्यायच्या असतील तर वाशीच्या एपीएमसीतलं मसाला मार्केट बघा. सेक्टरमधल्या दुकानापेक्षा निवड मोठी असते, आणि त्या गल्लीत वेलदोडे, दालचिनी, लवंग यांचा जो वास भरलेला असतो तो नुसता घ्यायलाही जावं.

पीजीत तळायला मनाई असेल तर मंडळीतल्या कोणाच्या तरी घरी विचारा. "तुमच्याकडे करायला येऊ का, सामान मी आणते," एवढं म्हणायचं. नाताळच्या आठवड्यात या वाक्याला नकार मिळालेला मी पाहिला नाही.

गा, आणि मराठीत गा

डिसेंबरच्या मध्यापासून गाणारे गट घरोघर फिरतात. तुमच्या चर्चचा गट कधी निघतो ते विचारून एक तरी रात्र जा. सोसायट्यांत सेक्रेटरीची परवानगी आधी घेतलेली असते, नऊ-साडेनऊला आटोपतं. इथं बहुतेक गाणी इंग्रजी असतात. नव्या मुली मागे उभ्या राहून नुसते ओठ हलवतात. तसं करू नका. तुमच्या गावची दोन गीतं वहीत लिहून न्या आणि म्हणायला परवानगी मागा. ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत १६१६ साली छापली गेली, फादर थॉमस स्टीफन्सनी लिहिलेली, आणि ते स्वतः इंग्लंडहून आलेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाच्या वळणाची भजनं दिली, ती नगरला आम्ही ढोलकी-टाळावर म्हणतो. कोपरखैरण्यात तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात आम्ही पहिल्यांदा टाळ वाजवला तेव्हा समोरच्या घरातल्या वारकरी आजी दार उघडून बाहेर आल्या आणि शेवटपर्यंत टाळ्यांनी ठेका धरून उभ्या राहिल्या.

चोवीसची रात्र

माझ्यासारखं कोणाचं होऊ नये म्हणून हे नीट वाचा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत देतं, पण मैदानात होणारी 'मध्यरात्रीची' मिस्सा किंवा उपासना मुंबई-ठाण्याकडे अनेक ठिकाणी संध्याकाळीच सुरू होते. वीस तारखेच्या आत वेळ पक्की विचारा आणि अर्धा तास आधी पोचा. परतीची शेवटची लोकल कुठली ते पाहून ठेवा, ट्रान्स-हार्बरवर (ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारा लोकलमार्ग) राहत असाल तर जास्तच. त्या रात्री रिक्षा सहज मिळत नाहीत. तिघी-चौघींनी मिळून जा.

रूमवर परत आल्यावर लूकचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचा आणि मग गोठ्यात बाळ ठेवा. आमच्यात जी सगळ्यात नवी असते तिच्या हाताने ठेवतो. शिरगणतीसाठी गाव सोडून आलेलं जोडपं आणि 'उतारशाळेत जागा नव्हती' हे शब्द पीजी शोधत महिनाभर फिरलेल्या मुलीला वाचायला दिले की तिचा आवाज बदलतो. गेल्या वर्षी जालन्याच्या मुलीला पुढचं वाचवेना, तेव्हा परभणीच्या मैत्रिणीने पुस्तक हातात घेऊन उरलेलं वाचलं.

पंचवीस, आणि ड्यूटी असेल तर

घरी व्हिडिओ कॉल करा, पण दिवसभर लावून ठेवू नका. दोन वेळा ठरवा. सकाळी उपासनेनंतर सगळे एकत्र असतात तेव्हा, आणि संध्याकाळी फक्त आईशी. आईला तुमचे कुलकुल दाखवा, मोडके असतील तरी. माझी आई पहिल्या वर्षी म्हणाली, "हे काय शिंपले तळलेस?" आणि आता ती नगरला कंगवा घेऊन तेच करते.

रजा मिळालीच नाही तर डबा घेऊन ड्यूटीवर जा. नर्सिंग स्टेशनवर एक मोठा डबा उघडा ठेवला की वॉर्डबॉय, मावशी, डॉक्टर, सगळे थांबतात. पेशंटला मात्र डाएट विचारल्याशिवाय काही देऊ नका. आणि सण हुकला असं समजू नका. नाताळचे दिवस सहा जानेवारीपर्यंत, ज्ञानी लोकांच्या भेटीच्या सणापर्यंत चालतात. एकतीसच्या रात्री वॉचनाइटची उपासना असते, तिला जा. आमच्या एका मैत्रिणीने सलग तीन वर्षं नाताळ दोन जानेवारीला केला, कुलकुलांसकट.

सहा जानेवारीला आम्ही गोठा उतरवतो. तोवर गहू पिवळा पडलेला असतो, तो मुळासकट कुंड्यांत पालथा घालतो. मूर्ती कापसात गुंडाळून जुन्या टिफिनमध्ये जातात, मावळेही. झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवते, पुढच्या वर्षासाठी. या वर्षीच्या कागदावर लिहिलं आहे: कंगवे चार. गहू जरा कमी. इन्चार्ज सिस्टरना सप्टेंबरमध्ये विचारणे. केक दोन जास्त, कापून रुमालात, फाटकाशी.